बाळू पालवणकर : चेंडू, विटाळ आणि कप्तानपद

१

दलित चळवळीचा इतिहास लिहिताना आपण परिषदा, सत्याग्रह, वृत्तपत्रे आणि निवडणुका यांचा मागोवा घेतो. ते योग्यच आहे. ज्या समाजाला शतकानुशतके तोंड उघडू दिले गेले नाही, त्याने उच्चारलेल्या पहिल्या शब्दांची नोंद आधी व्हायला हवी. परंतु ज्यांनी व्यासपीठ गाजवले नाही, अग्रलेख लिहिला नाही, ज्यांचा सारा पराक्रम मनगटातूनच प्रकट झाला, अशा माणसांचे या इतिहासात स्थान कोणते? त्यांना वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर सोडून द्यायचे, की त्यांच्या हाताने जे म्हटले तेही आपल्या मुक्तिलढ्यातले एक विधान म्हणून वाचायचे?

मी मलकापूरला इतिहास शिकवतो. शाहूवाडी तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरून एस.टी.ने येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींपैकी काहीजणी सॉफ्टबॉल खेळतात. त्यांच्यातली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी मुलगी, एकदा म्हणाली, ‘सर, चेंडू टाकण्यात आपल्या माणसांपैकी कुणी नाव काढलंय का?’ मी बाळू पालवणकरांचे नाव सांगितले. वर्गातल्या एकालाही ते ठाऊक नव्हते. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्या पाठ्यपुस्तकात ते नाव नाही आणि आपल्या व्याख्यानमालांतही ते क्वचितच येते. आपण हे नाव बाजूला का ठेवले याला एक राजकीय कारण आहे; त्याकडे मी पुढे येणार आहे. आधी त्या माणसाची कारकीर्द पाहू.

२

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव कोकणातल्या पालवण या गावावरून आलेले. वडील लष्करात नोकरीला होते. गावगाड्याच्या बाहेर पडण्याची वाट त्या काळी अस्पृश्यांना लष्कराने दाखवली, हे आपण जाणतो. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात महूच्या छावणीत भीमराव जन्मले ते १८९१ साली. छावणीने आपल्याला समता दिली नाही. इंग्रजाला शिपाई हवा होता. परंतु छावणीत शाळा होती, महिन्याचा पगार होता आणि महारवाडा-चांभारवाडा यांची वेस तेवढी कडक नव्हती. पालवणकरांचे कुटुंब पुण्याला आले आणि बाळू व त्यांचे धाकटे भाऊ शिवराम लष्करी अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटींनी व चेंडूंनी क्रिकेट शिकले. साहेबाच्या उष्ट्यावर दोन मुलांनी आपली विद्या उभी केली.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबात. काम मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास बाळू युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये. रूळ फिरवणे, चुन्याच्या रेघा मारणे, सरावाची जाळी उभी करणे ही कामे. एका साहेबाने सहज चेंडू टाकायला सांगितले आणि डाव्या हाताची ती संथ, वळणारी फेक सगळ्यांच्या लक्षात आली. त्या काळचा नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग रोज सर्वांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करू लागला. ग्रेगला बाद केले की बाळूंना आठ आणे मिळत, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यामागचा हिशेब खरा आहे. शेकडो तास या तरुणाने साहेबांना गोलंदाजी केली. पूना क्लबात त्यांना फलंदाजी मात्र कुणी करू दिली नाही.

इथे थांबून विचार केला पाहिजे. क्रिकेटमध्ये बॅट ही मालकाची आणि चेंडू हा चाकराचा, अशी वाटणी इंग्लंडातच होती. तिथेही उमरावांची मुले फलंदाजी करीत आणि खाणकामगारांची, कारागिरांची मुले दिवसभर गोलंदाजी करून पोट भरीत. हा खेळ आपल्याकडे आला तेव्हा त्या वर्गीय वाटणीवर जातीचा थर चढला. घाम गाळणे एकाकडे आणि धावा मोजणे दुसऱ्याकडे. शेतात जे चालले होते तेच मैदानात चालू झाले.

३

पुण्यातल्या हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचे होते. ज्या गोलंदाजाने साहेबांच्या उत्तम फलंदाजांना जखडून ठेवले होते तो त्यांच्या दारात उभा होता. परंतु तो चांभार होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. तेलुगू सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासदांपैकी अनेकजण विरोधी होते. अखेर ग्रेगनेच जाहीरपणे सांगितले की बाळूला वगळाल तर तुम्ही मूर्ख ठराल. अस्पृश्याच्या गुणाला मान्यता मिळण्यासाठी साहेबाचे प्रमाणपत्र लागले! हिंदूंनी त्यांना घेतले. न्याय म्हणून नव्हे, गरज म्हणून घेतले.

मैदानावर ते सर्वांबरोबर खेळले. सर्वांनी तोच चेंडू हाताळला. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू तंबूत जाऊन चिनीमातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. ते भांडे नंतर फेकून देत. हातपाय धुवायचे असतील तर त्यांना कोपऱ्यात जाऊन अस्पृश्य गड्याच्या हातचे पाणी घ्यावे लागे. जेवणाचे ताट वेगळे, मेजही वेगळे.

क्रिकेटच का चालले, याचाही विचार मला महत्त्वाचा वाटतो. कुस्तीत अंगाला अंग लागते, हुतूतूत श्वासाला श्वास लागतो. क्रिकेटमध्ये माणूस माणसाला शिवत नाही. मध्ये चेंडू असतो. चेंडूच्या मध्यस्थीने अस्पृश्याशी व्यवहार करता येतो आणि विटाळ मैदानापुरता मिटल्याचे सोंगही आणता येते. परंतु तो चेंडू कशाचा? गाईच्या कातड्याचा! ज्या कातड्याला हात लावला म्हणून चांभाराची आणि ढोराची सावली टाळली, तेच कातडे तांबड्या रंगात शिवून आले तेव्हा पुण्याच्या ब्राह्मणाने ते दोन्ही हातांनी झेलले, मांडीवर घासले, थुंकी लावून चमकवले. कातड्याचा विटाळ झाला नाही. ते कमावणाऱ्या जातीचा मात्र विटाळ कायम राहिला. अस्पृश्यता ही घाणीची किंवा धंद्याची गोष्ट नसून सत्तेची गोष्ट आहे, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

आम्हा कोल्हापूरकरांना चहाच्या या भांड्यावरून दुसरा एक कप आठवतो. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतले नोकर गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल सवर्ण सहकाऱ्यांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. लोक तिथे येईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. पुण्यात अस्पृश्याला चहा दिला गेला, तोही फेकण्याच्या भांड्यात. कोल्हापुरात राजाने अस्पृश्याकडून चहा घेतला आणि पैसे मोजले. पहिल्यात उपकार आहे, दुसऱ्यात व्यवहाराची बरोबरी आहे. सुधारणेच्या नावाखाली चालणाऱ्या प्रत्येक कृतीला आपण हीच कसोटी लावली पाहिजे.

४

पुण्यात प्लेगने थैमान घातले त्या सुमारास पालवणकर कुटुंब मुंबईला आले. बाळूंनी काही काळ लष्करात आणि मग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशावर खळखळ झाली, पण कप्तान कीर्तिकर पाठीशी राहिले. पुढे शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही भाऊही हिंदू संघाकडून खेळले. एका चर्मकार घराण्यातले चार भाऊ हिंदूंच्या संघाचा कणा झाले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. रशियाला जपानने नमवून फार दिवस झाले नव्हते, वंगभंगाची चळवळ पेटलेली होती. अशा वेळी हा विजय केवळ खेळातला राहिला नाही. सुधारक वृत्तपत्रांनी त्यात आणखी एक गोष्ट पाहिली : हिंदूंनी अस्पृश्यांना सोबत घेतले म्हणून ते जिंकले. विचार चांगला होता, पण त्यातली व्याकरणाची रचना पाहा. घेणारे हिंदू, घेतले गेलेले अस्पृश्य. विजयाचे कर्तेपण पुन्हा त्यांच्याचकडे. बाळू आणि शिवराम हे त्या वाक्यात कर्मपदाच्या जागी उभे आहेत.

१९०७ पासून हिंदू, पारशी आणि युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कप्तान पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष; महाराजांचा बराचसा वेळ मेजवान्यांत आणि दरबारी भेटीगाठींत गेला आणि ते मोजकेच सामने खेळले. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले, ६ जिंकले. या पराभवांच्या दौऱ्यात पस्तिशीतल्या, खांदा दुखत असलेल्या बाळूंनी ११४ बळी घेतले. त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ जणांना बाद केले. लीस्टरशायरला हरवले त्या सामन्यात त्यांचे ११ बळी होते. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद शतक काढून विजय मिळवून दिला.

रूळ फिरवणारा माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला बाद करून आला. मुंबईला परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या प्रसंगाच्या मानपत्राशी तरुण विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांचे नाव जोडले जाते. तेव्हा आपल्या समाजाजवळ पदवीधर नव्हते, वकील नव्हते, आमदार नव्हते. साऱ्या देशाने वर्तमानपत्रात ज्याचे नाव वाचले असा आपला माणूस एकच होता, आणि तो गोलंदाज होता.

५

इतक्या बळींनंतर बाळू हिंदू संघाचे कप्तान व्हायला हवे होते. झाले नाहीत. वर्षामागून वर्षे गेली आणि त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाच्या सवर्ण खेळाडूंकडे नेतृत्व गेले. १९१३ साली कप्तान झालेले मुकुंद पै यांनी स्वतःच्या सत्कार समारंभात प्रांजळपणे सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. पै यांचा हा मोठेपणा नोंदवला पाहिजे. परंतु व्यक्ती भली असून व्यवस्था हलत नाही, हेही त्याच घटनेने नोंदवले आहे. भला माणूस कबुली देतो आणि पद त्याच्याकडेच राहते.

कप्तानपदाचाच एवढा अडसर का? गोलंदाजी हे श्रम आहेत. श्रम अस्पृश्याकडून घेण्याची या समाजाला पुरातन सवय आहे. कौशल्याचे श्रमही तो घेतो, कौतुकही करतो. कप्तान म्हणजे आज्ञा. कोणी कुठे उभे राहायचे, चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, डाव कधी सोडायचा, हे तो ठरवतो. ब्राह्मणाने चांभाराची आज्ञा पाळायची, हा चातुर्वर्ण्याच्या मुळावरचा घाव होता. अस्पृश्याचा हात चालला. त्याचे डोके चालले नाही.

नावाचीच गोष्ट घ्या. धावफलकावर हे भाऊ ‘पी. बाळू’, ‘पी. शिवराम’, ‘पी. विठ्ठल’ असे उमटले. आडनाव आद्याक्षरात आक्रसून गेले. त्यांच्याच संघातले दि. ब. देवधर हे मात्र ‘प्रोफेसर देवधर’ म्हणून ओळखले गेले. देवधर हे थोर फलंदाज होते यात वाद नाही. पदवी आणि आडनाव मिरवण्याची सोय कोणाला होती आणि कोणाला नव्हती, एवढेच मी दाखवतो आहे.

आता १९२० हे वर्ष पाहा. ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाले. २१ आणि २२ मार्चला आमच्या कोल्हापूर संस्थानातल्या माणगावी परिषद भरली आणि शाहू महाराजांनी सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. मेच्या अखेरीस नागपुरात महाराजांच्याच अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. अस्पृश्यांचा पुढारी अस्पृश्यांतूनच आला पाहिजे, हा त्या वर्षाचा उच्चार होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत चौरंगी स्पर्धा आली. कप्तान पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळण्यात आले होते. सेवाज्येष्ठतेने विठ्ठल पालवणकरांचा हक्क होता. निवडकर्त्यांनी तो डावलून देवधरांना कप्तान केले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर पत्रक काढले. हा निर्णय खेळाच्या नव्हे तर जातीच्या पक्षपातावर आधारलेला आहे, अशी त्यांची भूमिका होती. हिंदूंनी मुसलमानांविरुद्धचा सामना त्यांच्याविना जिंकला, पण वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकप्तान म्हणून संघात घेण्यात आले आणि दोघे भाऊही परत आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा नेतृत्व बाळूंनी केले. आयुष्यभराच्या गोलंदाजीनंतर एवढा वेळ त्यांच्या वाट्याला आला.

या माघारीला मी सत्याग्रह म्हणतो. ज्यांच्याजवळ जमीन नाही, सत्ता नाही, त्यांच्याजवळ आपले श्रम रोखण्याचे हत्यार असते. दोन भावांनी ते उगारले. आम्ही तुमच्यासाठी जिंकू, पण तुमच्या अपमानाच्या अटीवर जिंकणार नाही, असे त्यांनी ठणकावले. तोवर अस्पृश्य खेळाडूला संघात घ्यावे की नाही हे सवर्ण ठरवीत होते. त्या दिवशी संघात राहावे की नाही हे अस्पृश्य खेळाडूंनी ठरवले. वाक्याचा कर्ता बदलला. माणगावच्या परिषदेपासून अवघ्या नऊ महिन्यांवर घडलेली ही घटना आपल्या चळवळीच्या कालपटात लिहिली गेलीच पाहिजे.

६

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चषक जिंकला. सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. मैदान आणि कायदेमंडळ दोन्हीकडे दार उघडले असे वाटावे, असे ते वर्ष.

आणि मग २० मार्च १९२७ आले. बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. परिषदेहून परतणाऱ्या आपल्या लोकांवर लाठ्याकाठ्या पडल्या, आणि गोमूत्र-शेणाचे घडे ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. मुंबईत ज्या समाजाने चर्मकार कप्तानाला खांद्यावर उचलले, त्याच समाजाने महाडला त्याच्या बांधवांचे हात पाण्यातून हुसकले. याचा अर्थ सरळ आहे. खांद्यावर घेतलेला माणूस चषक घेऊन आलेला होता. तळ्यावर गेलेला माणूस हक्क मागायला आलेला होता. अपवादात्मक माणसाला मिरवून सर्वसामान्य माणसाला नाकारता येते. पराक्रमी अस्पृश्याचा सत्कार हा अस्पृश्यतेचा अंत नव्हे. कित्येकदा तो तिचा बचाव असतो.

७

आता त्या राजकीय कारणाकडे येतो. गोलमेज परिषदेनंतर बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मिळवले. गांधीजींनी येरवड्यात प्राणांतिक उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. त्या करारावरच्या सह्यांत बाबासाहेबांच्या सहीबरोबर ‘पी. बाळू’ अशीही सही आहे. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बाळूंना ती आत्मघातकी वाटली. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ भागातल्या राखीव जागेवर काँग्रेसने बाबासाहेबांसमोर बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

म्हणून आपण बाळूंना विसरलो. ज्यांनी त्यांना उभे केले तेही त्यांना विसरले, कारण त्यांचे काम संपले होते. सवर्णांच्या क्रिकेटने जे केले तेच सवर्णांच्या राजकारणाने केले. युरोपियनांना बाद करायला चांभाराचा हात हवा होता. आंबेडकरांना बाद करायलाही तोच हात हवा झाला. मैदानावर कप्तानपद नाकारणाऱ्यांनी निवडणुकीत उमेदवारी आनंदाने दिली. महार आणि चांभार यांच्यातली दरी ज्यांनी निर्माण केली नव्हती त्यांनी ती वापरली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

बाळूंची भूमिका चुकीची होती असे माझे स्पष्ट मत आहे. हिंदू समाजाचे मन वळेल, असा त्यांचा विश्वास होता. तो कुठून आला हे मात्र समजून घेतले पाहिजे. मातीच्या भांड्यापासून धाकट्या भावाच्या कप्तानपदापर्यंतचा प्रवास त्यांनी एका आयुष्यात पाहिला होता. ज्याच्या डोळ्यांदेखत तीस वर्षांत एवढे बदलले, त्याला आणखी तीस वर्षांत उरलेले बदलेल असे वाटले. बाबासाहेबांनी तेच बदल पाहिले आणि ओळखले की ते मैदानाच्या दोरीपाशी थांबतात. एकाने आपल्या अनुभवावरून समाजाबद्दल निष्कर्ष काढला, दुसऱ्याने समाजाच्या अनुभवावरून. मतभेदाचे मूळ इथे आहे. ते गद्दारीत शोधणे हा आळस आहे. करारावर सही करणारे पां. ना. राजभोज पुढे बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले. माणसे वळतात, परत येतात. चळवळीने दार बंद करून घ्यायचे नसते.

४ जुलै १९५५ ला बाळू मुंबईत निवर्तले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी सुमारे १५ धावा, हा त्यांच्या नावावरचा हिशेब. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ मध्ये मराठीत आत्मकथन प्रसिद्ध केले. दलित आत्मकथनांची परंपरा आपण सत्तरीच्या दशकापासून मोजतो. एका चर्मकार क्रिकेटपटूने त्याआधी तीस वर्षे आपले आयुष्य लिहून ठेवले होते, याची दखल आपल्या साहित्यचर्चेने फारशी घेतलेली नाही. रामचंद्र गुहांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथाने या भावांना पुन्हा उजेडात आणले. जे काम मराठीत व्हायला हवे होते ते इंग्रजीत झाले.

८

सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ मध्ये शिकागोत जन्मला. क्रिकेटसारखा त्याला राजेमहाराजांचा आश्रय नाही, पैसा नाही, प्रेक्षक नाहीत. आमच्या भागातल्या महाविद्यालयांतली मुलगी शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पिचर म्हणून उतरते तेव्हा प्रत्येक डावाची सुरुवात तिच्या हातून होते. हात कमरेखालून फिरवून ती चेंडू सोडते आणि तोवर सारे मैदान तिच्याकडे पाहत थांबते. तिची कारकीर्द मात्र पदवीच्या तीन-चार वर्षांची. त्यानंतर हाती उरते ते प्रमाणपत्र. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे; परंतु त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेत खेळून पदक मिळवावे लागते, आणि ती स्पर्धा गाठण्यासाठी बूट, हातमोजा, प्रवास आणि पोटभर अन्न लागते. ज्या घरात आई दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारीला जाते त्या घरातून हे सर्व कसे यावे?

या मुलींना बाळूंची गोष्ट ‘जिद्दीने काय होत नाही’ अशा बोधकथेच्या रूपात सांगू नये असे मला वाटते. जिद्द त्यांच्याजवळ आहेच. ती नसती तर त्या पहाटेच्या गाडीने मैदानावर आल्या नसत्या. त्यांना गोष्ट पुरी सांगावी. बाळूंनी ११४ बळी घेतले आणि तरी कप्तानपद मिळाले नाही, हे सांगावे. गुणवत्ता सिद्ध केली की न्याय आपोआप मिळतो, हे असत्य आहे असे सांगावे. आणि दोन भावांनी पाठ फिरवली तेव्हाच निवडकर्ते हलले, हेही सांगावे. आज महाविद्यालयाच्या मैदानावर वेगळे भांडे कोणी ठेवत नाही. तरी संघ कोण निवडतो, कप्तान कोण ठरवतो, शिबिराचा खर्च कोणाला मिळतो, विद्यापीठाचा प्रशिक्षक कोणत्या समाजातून येतो, हे प्रश्न विचारायचे असतात. फेकायचे भांडे गेले म्हणजे निवडीचा अधिकार आला, असे होत नाही.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे : आपापल्या तालुक्यातले जुने मल्ल, धावपटू, गोलंदाज शोधा. त्यांच्या घरातली प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे वाळवी खाण्यापूर्वी उतरवून घ्या. कोणाच्या संघात ते खेळले, कोणी त्यांना वगळले, त्यांनी कधी नकार दिला, हे विचारून लिहून ठेवा. १९२० चा इतिहास शिकवताना ‘मूकनायक’ आणि माणगाव यांच्या शेजारी डिसेंबरातले ते पत्रकही शिकवा. बाबासाहेबांनी लेखणीने, शाहू महाराजांनी राजदंडाने आणि पालवणकर बंधूंनी चेंडू खाली ठेवून एकच गोष्ट मागितली होती. संघात जागा मिळाली. संघ कोणाचा, हे ठरवण्याचा हक्क अजून मिळवायचा आहे.